सरकता उगम

कपावरची वाफ साधारण चार बोटं सरळ वर जात होती आणि मग डावीकडे वळत होती. उजव्या हाताला दार होतं, दाराखाली फट होती, फटीतून हवा येत होती, म्हणून ती वळत होती. आत्याने कप दोन बोटं उजवीकडे सरकवला. आता वाफेचा वळलेला शेंडा बरोबर तिच्या नाकाखाली आला. तिने आधी श्वास पूर्ण सोडला, तीनपर्यंत मोजलं आणि सावकाश आत घेतला.

वाफ गरम होती. ओली होती. त्यापलीकडे ती काहीही नव्हती.

आत्याने पर्समधून वही काढली, उभ्या रेघा मारल्या आणि चौथ्या रकान्यात लिहिलं : वास – शून्य.

"कसली आहे?" समोर बसलेल्या बारकीने विचारलं. बारकी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, वय चोवीस. जुनी नोकरी सुटलेली आणि नवी पुढच्या महिन्यापासून लागणार, अशा मधल्या सुखाच्या काळात होती. पाहुण्या आलेल्या आत्याला शहरातली नामांकित कॉफी पाजत फिरवायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

"पाणी किती गरम होतं, विचार बरं त्यांना," आत्या म्हणाली. कसली आहे हे सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि प्रश्नाला प्रश्नाने टोलवणं तिला अलीकडे चांगलं जमू लागलं होतं.

"ब्याण्णव अंश," गल्ल्यामागची मुलगी अभिमानाने म्हणाली.

आत्याने चष्म्याच्या घरातून थर्मामीटर काढला, कपात धरला, वाचला, रुमालाने पुसून परत ठेवला. "कपात एकोणऐंशी आहे. कप आधी गरम पाण्याने विसळून घेत नाही का तुम्ही?"

ती मुलगी आत्याकडे बघतच राहिली. मग तिने आत जाऊन मालकाला बोलावून आणलं. भानगडीची सुरुवात ही अशी झाली. एखादा माणूस कमी बोलू लागला की त्याच्या वतीने लोकच बोलून घेतात, आणि लोक नेहमी जास्तच बोलतात.

आता आत्याची अडचण सांगायला हवी. आत्या एका साबणाच्या कारखान्यात परीक्षक होती. साबणाची वडी बाजारात जाण्याआधी तिचा वास ठरल्याप्रमाणे आहे की नाही, हे हुंगून सांगायचं आणि सही करायची. हे काम तिने सव्वीस वर्षं केलं होतं. कुठल्या पिंपातलं तेल खवट व्हायला लागलंय हे ती पिंपाला कळायच्या आधी सांगते, असं कारखान्यात म्हणत. सात महिन्यांपूर्वी तिला चार दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळत होतं, बाकी सगळं बंद.

हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडेही गेली नव्हती, कारण डॉक्टर कागदावर लिहितात, आणि कागदावर लिहिलेलं खरं असतं अशी तिची शिकवण होती. सात महिने कारभार चालला तो तिच्या हाताखालच्या मुलीच्या भुवयांवर. ती मुलगी आधी वडी हुंगायची. भुवया जागेवर राहिल्या की आत्या सही करायची, वर गेल्या की लॉट परत. पण गेल्या महिन्यात ती मुलगी दोन दिवस रजेवर गेली आणि खवट तेलाचा एक अख्खा लॉट आत्याच्या सहीने पुढे सरकला. गोदामातल्या हमालाने नाकाला फडकं लावून तो परत आणला. "मॅडमच्या हातून असं कधी होत नाही, चुकून आला असेल," असं म्हणून त्याने स्वतःच विषय मिटवला. आत्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात साहेबांचं पत्र आलं. मुख्य परीक्षकाच्या जागेसाठी आपली निवड झाली आहे, संमती कळवावी. यापुढे कारखान्यातल्या प्रत्येक साबणावर शेवटची सही आत्याची, तिच्यावर कोणी नाही. हो म्हणावं तर उद्या कोणाच्या अंगाला काय लागेल सांगता येत नाही. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागेल. आत्याने दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. मग मात्र हद्द झाली." पत्र पर्समध्ये घालून आत्या आठवडाभराची रजा काढून भावाकडे आली.

भावाकडेच का, तर भावाचं शहर कॉफीसाठी गाजलेलं. भाजलेल्या कॉफीत कित्येक शे सुवासिक द्रव्यं असतात हे तिला विद्यार्थिदशेपासून पाठ होतं. कित्येक शे लोक एकाच वेळी दार ठोठावू लागले तर आतलं कोणीतरी जागं होईल, असा तिचा हिशेब होता. सोमवारी संध्याकाळी ती आली, मंगळवारी सकाळी कामाला लागली. मंगळवारी पाच दुकानं झाली. पाच शून्यं.

तरीही तिला कंटाळा आला नाही, ही गोष्ट तिला स्वतःलाच नवलाची वाटली. एका ठिकाणी पाणी बगळ्याच्या मानेसारख्या नळीच्या किटलीतून गोल गोल ओतत होते आणि ओतणारा ओठातल्या ओठात आकडे मोजत होता. एका ठिकाणी कॉफी नुसती वजन करून देत होते, दाणे मोजून काढल्यासारखी. एका पावाच्या दुकानात तिने पाव कानाशी धरून दाबला, तर कवच बारीक तडतडलं आणि ते थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. पाववाला म्हणाला, "बाई, पाव ऐकून घेणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं." बारकीने हे सगळं फोनवर आपल्या मैत्रिणींना कळवलं. तिथून ते कुठे कुठे गेलं हे परमेश्वर जाणे, पण बुधवारी सकाळी सहाव्या दुकानात पाऊल टाकताच तिथल्या माणसाने आत्यासाठी कप विसळून तयार ठेवला होता.

या माणसाच्या दुकानामागे कॉफी भाजायची भट्टी होती, म्हणून त्याला भट्टीवाला म्हणू. त्याने कप ठेवला आणि देवाला नैवेद्य दाखवल्यासारखा दोन पावलं मागे सरून उभा राहिला. "यात आधी जर्दाळू येतो," तो म्हणाला. "मग मध. शेवटी ओल्या लाकडाचा भास."

"ते एकापाठोपाठ येतात की एकमेकांवर?" आत्याने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आंधळ्या माणसाने इंद्रधनुष्याचा क्रम विचारावा तसं.

भट्टीवाला खुर्ची ओढून बसलाच. अर्धा तास बोलला. मग तिला मागे भट्टीपाशी घेऊन गेला. लोखंडी पिंपात दाणे फिरत होते, वाळू ओतल्यासारखा आवाज होत होता. बोलता बोलता आत्या म्हणाली, "आवाज बदलला."

भट्टीवाल्याने पिंपाला कान लावला. दाणे नुकतेच तडकायला लागले होते, एखाददुसरा. त्याने घाईघाईने आच कमी केली. "मी हे वासावर ओळखतो," तो हळू आवाजात म्हणाला, "आणि मला अजून आला नव्हता." मग हात जोडून म्हणाला, "शुक्रवारी सकाळी आमच्याकडे तीन पेल्यांची चाचणी आहे. शहरातले जाणकार येतात. तुम्ही यायलाच पाहिजे."

"येईल की!" बारकीने परस्पर सांगून टाकलं.

इथे थोडं थांबून एक नमूद करायला हवं. आपल्या भाषेने नाकाला जेवढं राबवलं आहे तेवढं दुसऱ्या कुठल्या अवयवाला राबवलेलं नाही. अब्रू गेली की नाक कापलं जातं, सरळ माणूस नाकासमोर चालतो, दमला की नाकी नऊ येतात, शहाणपणा केला की नाकाने कांदे सोलतो. ज्याचं नाक अब्रूला पुरून उरतं पण वासाला उरत नाही, अशा माणसासाठी मात्र भाषेत एकही शब्द नाही. आत्याने बसस्टॉपवर बसून शोधला, सापडला नाही.

बुधवारी दुपारी बारकीला कुठेतरी कागदपत्रं द्यायला जायचं होतं, म्हणून आत्या एकटीच फिरली. बारकीच्या यादीच्या तळाशी एक चीजचं दुकान होतं. दुकानदारीण जाडजूड, हसरी. तिने काचेआडून एक छोटी पांढुरकी वडी काढली, साबणाच्या वडीएवढीच, म्हणून आत्याला ती बघताक्षणी आवडली. दुकानदारणीने सुरीच्या टोकावर तुकडा दिला. आत्याने खाल्ला. आत मेणासारखं मऊ, आधी मीठ, मग बारीक आंबटपणा, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कडवट. तिने आणखी एक तुकडा मागितला, मग तिसरा. तिच्या शेजारी उभं असलेलं जोडपं बाहेर निघून गेलं. आत्याला वाटलं, त्यांना घाई असेल.

दुकानदारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, चौदा आठवडे गुहेत ठेवून बनवते मी हे. लोक लांबूनच बघतात. तुम्ही तिसरा तुकडा मागितलात!" तिने एक वडी कागदात गुंडाळून भेट म्हणून दिली, पैसे घेतले नाहीत. सकाळी नाश्त्याला सगळ्यांना देऊ, असं मनाशी ठरवून आत्याने ती पर्सच्या मागच्या कप्प्यात, साहेबांच्या पत्राशेजारी ठेवली.

परतताना बस गच्च भरली होती. तरी दोन थांब्यांत आत्याला बसायला जागा मिळाली, तिसऱ्या थांब्याला शेजारची सीट रिकामी झाली, आणि पाचव्या थांब्याला पुढची-मागची माणसंही उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मोठ्या शहरातली माणसं वयस्क बाईला किती मान देतात, हे घरी आवर्जून सांगायचं, असं आत्याने ठरवलं आणि सांगितलंही. भाऊ "अरे वा" म्हणाला आणि खिडकी उघडायला गेला.

बोलण्याच्या नादात चीज राहून गेलं. पर्स बैठकीत खुंटीला लागली. हवा गरम होती.

गुरुवारी सकाळी भावजय पदर नाकाला लावून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काहीतरी मेलंय!"

"कुठे?"

"तेच तर!"

समोरचं दार उघडलं आणि नळवाले काका बाहेर आले. ते पाणीपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, आणि इमारतीत कोणाला शिंक आली तरी तिचं मूळ ते नळात शोधत. "मला पहाटेपासून येतोय," ते म्हणाले. "सांडपाण्याच्या पाइपात घूस अडकलीय. मी दोन वर्षं सांगतोय, तिसऱ्या मजल्याचं जोडकाम चुकीचं आहे."

"आमच्या मजल्यावर काही नाही हं," जिन्यातून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कडाडल्या. "उगीच आमच्या जोडकामावर येऊ नका!"

भावाने मग ते वाक्य उच्चारलं ज्याची आत्याला सात महिने धास्ती होती. "अरे, आपल्याकडे ताई आहे की! सव्वीस वर्षं नाकावर नोकरी केलीय तिने. ती सांगेल दोन मिनिटांत."

सगळे आत्याकडे बघू लागले. नाही म्हणायला तिच्याजवळ एकच खरं कारण होतं. तिने पदर खोचला, वही आणि थर्मामीटर पर्समध्ये होते म्हणून पर्स खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "वरपासून सुरुवात करू."

शोधपथक निघालं. पुढे आत्या, मागे काका, भाऊ, तिसऱ्या मजल्याच्या बाई आणि नाकाला फडकं बांधलेली भावजय. आत्याने सात महिने जे केलं होतं तेच केलं : चेहरे वाचले. वहीत तिने मोजपट्टीसुद्धा तयार केली. नुसतं नाक मुरडलं तर एक, रुमाल काढला तर दोन, माणूस मागे सरला तर तीन.

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ दार उघडून म्हणाले, "छे, आमच्याकडे अजिबात नाही. या, आत येऊन बघा." सगळे आत गेले. मिनिटभराने गृहस्थांचा चेहरा बदलला. "आला! अहो, आत्ताच आला! आत्तापर्यंत नव्हता!"

"म्हणजे वर चढतोय," काका म्हणाले.

मग तिसरा मजला. बाईंनी विजयी मुद्रेने दार उघडलं, दोन मिनिटांनी खिडकी उघडली, आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "सकाळपासून नव्हता हो! देवाशपथ नव्हता!"

"म्हणजे खाली उतरतोय," काका म्हणाले.

लिफ्टमध्ये तर काका स्वतः अर्ध्या वाटेत बटण दाबून बाहेर पडले. गच्चीवर मात्र कोणालाच काही आलं नाही. तिथे वारा होता. आत्याने सगळं प्रामाणिकपणे नोंदवलं आणि शेवटी चष्मा सारखा करून निष्कर्ष सांगितला, "दुर्गंधीचा उगम स्थिर नाही. सरकता आहे."

या शास्त्रीय वाक्याचा मोठा परिणाम झाला. इमारतीच्या सेक्रेटरींनी पालिकेच्या आरोग्य खात्याला फोन लावला. तिकडच्या बाईने विचारलं, "दुर्गंधी कुठे आहे?"

"ती फिरतेय."

"फिरती असेल तर आमच्याकडे येत नाही. फिरत्या दुर्गंधीचं वाहन विभाग बघतो. कचऱ्याच्या गाड्या त्यांच्याकडे असतात."

वाहन विभागाने गाडीचा नंबर विचारला.

तोवर काकांनी प्लंबर बोलावून आणला होता. प्लंबर भावाच्या न्हाणीघरात गेला, तेव्हा आत्या पर्स घेऊन दारातच उभी होती. तो म्हणाला, "इथंच आहे, शंभर टक्के." तीन फरश्या निघाल्या. चौथी फुटली. खाली कोपराच्या पाइपात बारकीचा लहानपणी हरवलेला प्लास्टिकचा बेडूक सापडला. घूस सापडली नाही. "बेडूक अडवत होता," प्लंबर म्हणाला, आणि घाम पुसायला बाहेर गेला.

बाराच्या सुमारास बारकी बाहेरून आली. उंबऱ्यात थांबली. तिने एकदा हवा आत घेतली, मग कुठेही न बघता सरळ आत्याकडे आली, तिच्या खांद्यावरची पर्स उतरवली आणि आत्याला हाताला धरून बाल्कनीत नेलं. दार लावून घेतलं. मागच्या कप्प्यातून दोन बोटांनी ती पुडी काढली. कागद आता ओलसर झाला होता.

"आत्या, हे काय आहे?"

"चीज. नाश्त्यासाठी आणलं होतं. राहूनच गेलं बघ."

"आणि ही पर्स सकाळपासून कुठे होती?"

शास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढी माहिती पुरेशी असते. चौथा मजला, तिसरा मजला, लिफ्ट, गच्चीवरचा वारा, न्हाणीघराचं दार. वहीतली सगळी निरीक्षणं एका ओळीत येऊन उभी राहिली. आणि त्यांच्या मागे, थोड्या अंतरावर, काल संध्याकाळची बस.

"सर्दी झालीय मला," आत्या म्हणाली.

"किती दिवसांची?"

आत्याने बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. "सात महिन्यांची."

बारकी खाली बसली. आत्याही बसली. ताप, भुवया, हमाल, पत्र, शुक्रवारचे बारा, सगळं सांगून झालं. आत काका कोणालातरी बेडकाचं महत्त्व समजावत होते.

"नाही म्हणून सांग ना मग साहेबांना. आत्ता. फोन देऊ?"

"सांगायचं काय? सव्वीस वर्षं ज्याच्या जिवावर खाल्लं ते हरवलंय म्हणून? नाक नसलेली परीक्षक! लोक माझ्या मागे किती वर्षं हसतील माहितेय?"

"आणि हो म्हणालीस तर?"

"तर माझ्या मागे कोणी नसेल हुंगायला." आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "रोज ठरवते. ओठापर्यंत येतं आणि परत जातं."

"मग उद्याच्या चाचणीचं तरी रद्द करते. तिथे तर सगळा वासाचाच खेळ."

"ते नको," आत्या एकदम म्हणाली. "साबणाची चाचणी मी शेकडो वेळा घेतलीय. कॉफीची कशी घेतात मला बघायचंय. आणि नुसत्या जिभेला किती कळतं, तेही बघायचंय. सात महिन्यांत मी ते मोजलंच नाही गं. जे गेलं तेवढंच मोजत बसले."

बारकीने चीज तीन पिशव्यांत बांधलं आणि गाडीवरून परत दुकानदारणीकडे नेऊन दिलं. तिने ते हसत घेतलं म्हणे. संध्याकाळपर्यंत इमारतीतला वास गेला. नळवाले काकांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं की बेडूक काढल्याने हवेला वाट मिळाली. न्हाणीघराच्या फरश्या फुटल्या त्या फुटल्याच. भावजय आत्याला म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं हो." आत्या त्या संध्याकाळी दोनच घास जेवली.

शुक्रवारी साडेनऊला दोघी भट्टीवाल्याकडे पोचल्या. दाराशी एक कारकुनी चेहऱ्याचा मदतनीस टेबल टाकून बसला होता. नोंदणीचा कागद भरल्याशिवाय आत प्रवेश नाही. नाव, वय, अत्तर लावलं आहे का, गेल्या तासाभरात काही खाल्लं आहे का, आणि शेवटी : वास घेण्याची क्षमता – उत्तम, चांगली, साधारण. एकावर खूण करा.

आत्याने पहिले रकाने भरले. शेवटच्यापाशी पेन थांबलं.

"रिकामं चालत नाही, मॅडम."

"यात माझं उत्तर नाही."

"मग उत्तम करा. सगळे उत्तमच करतात."

आत्याने खूण केली नाही. तिन्ही शब्दांच्या खाली तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासणी चालू आहे.' मदतनिसाने ते दोनदा वाचलं आणि काहीतरी मोठी गोष्ट असावी असं समजून कागद सगळ्यांच्या वर ठेवला.

आत लांब टेबलावर प्रत्येकासमोर तीन-तीन पेले होते. दोन पेल्यांत एकच कॉफी, एकात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. अकरा जाणकार होते. ते पेल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे, चमच्याने कॉफी सुर्रकन ओढायचे. तो आवाज ऐकून आत्याला पहिल्यांदा संकोच वाटला. लहानपणी अशा आवाजासाठी तिने आईच्या हातचा मार खाल्ला होता. मग तिने विचार केला की हवा आणि द्रव एकदम जिभेवर पसरवण्याचा याहून चांगला उपाय नाही, आणि तीही ओढू लागली. चौथ्या घोटाला तर सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. बारकी भिंतीपाशी तोंडावर हात धरून उभी होती.

पहिला पेला. कडू, मध्यम. आंबट, जिभेच्या दोन्ही कडांना, थोडं. दुसरा पेला तसाच. तिसरा. आत्या थांबली. तिसऱ्यात आंबटपणा जरा उशिरा येत होता आणि गिळल्यावरही राहत होता. पहिल्या दोघांत तो लगेच येऊन लगेच जात होता. तिने पाण्याने चूळ भरली, उलट्या क्रमाने पुन्हा घेतलं. तेच. कॉफी थोडी निवली तेव्हा पुन्हा. तेच. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी अगदी नक्की माहीत होतं. तिने चिठ्ठीवर लिहिलं : तिसरा.

अकरा जणांनी पहिला किंवा दुसरा लिहिला होता. बारावी चिठ्ठी आत्याची. भट्टीवाल्याने तिसऱ्या पेल्याच्या बुडाची खूण सगळ्यांना दाखवली आणि टाळ्या पडल्या.

"मी म्हणत नव्हतो?" भट्टीवाला गहिवरून म्हणाला. "दोन्ही एकाच मळ्यातल्या, फक्त वाळवण्यात फरक. मी स्वतः तीनदा चुकलो. मॅडम, आता एवढं सांगा, तिसऱ्यात तुम्हाला कोणता वास सापडला?"

अकरा माणसं वह्या उघडून वाट बघू लागली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आत्याने बारकीकडे बघितलं. बारकीने मान हलवली नाही, भुवई हलवली नाही. ती नुसती बघत राहिली.

"कोणताच नाही," आत्या म्हणाली. "मला वास येत नाही. सात महिने झाले. हे मी जिभेने ओळखलं."

कोणीतरी चमचा खाली ठेवला. आता हसतील, असं आत्याला वाटलं. पण भट्टीवाल्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, उत्सुकता होती. "नुसत्या जिभेने? कुठे कळलं? टोकाला की कडेला?"

"कडेला. आणि उशिरा."

"उशिरा म्हणजे किती उशिरा?" शेवटच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या जाणकाराने पेला पुन्हा ओढला आणि मन लावून जीभ फिरवू लागला. मग बाकीचेही. एका मिनिटात अकराही जण डोळे मिटून, नाक चिमटीत धरून सुर्र सुर्र करत होते आणि आत्याला विचारत होते, इथे का, आत्ता का, आला का.

आत्या त्यांच्यातून हळूच उठली. बारकीजवळ जाऊन तिने हात पुढे केला. बारकीने फोन दिला.

साहेबांनी पहिल्या घंटेला उचलला. "मॅडम! तुमचाच विचार चालला होता. नावाची पाटी रंगवून आलीसुद्धा. खुर्ची फिरती घेतलीय, तुमच्या कंबरेसाठी. संचालकांना मी कालच सांगून टाकलं. आता फक्त तोंडाने हो म्हणा, बाकीचे कागद मी करतो."

"साहेब..."

"पगाराचं काही असेल तर तेही बोलून ठेवलंय."

"साहेब, जरा ऐका."

"बोला ना. ऐकतोच आहे."

टेबलापाशी कोणीतरी मोठ्याने चौथा पेला मागत होतं. आत्याने फोन कानाला घट्ट धरला.

"मुख्य परीक्षकाची जागा मी घेणार नाही. मला वास येत नाही. यापुढे मी कुठल्याही साबणावर सही करणार नाही."